१७६६३१९०४९ (संख्या)

१७६६३१९०४९ (एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास) ही एक दहा अंकी, विषम, संयुक्त नैसर्गिक संख्या आहे. या संख्येचा वर्ग केला आणि त्यातून १ वजा केला, तर उरणारी संख्या ही २२६१५३९८० या संख्येच्या वर्गाच्या बरोबर ६१ पट असते. ज्या पूर्ण संख्येचा वर्ग ६१ ने गुणून त्यात १ मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो, अशा धन संख्यांपैकी २२६१५३९८० ही सर्वांत लहान होय. म्हणून १७६६३१९०४९ ही या प्रश्नाच्या लघुतम उत्तरातील मोठी संख्या ठरते.

हे उत्तर भास्कराचार्यांनी (दुसरे भास्कर, जन्म शके १०३६, इ.स. १११४) 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाच्या 'बीजगणित' भागात, इ.स. ११५० मध्ये, चक्रवाल पद्धतीने काढून दाखवले. भास्कराचार्यांनी आपले गाव म्हणून उल्लेखिलेले विज्जडवीड म्हणजे मराठवाड्यातील बीड होय, असे एक मत आहे.  युरोपात हाच प्रश्न पिएर दे फर्मा यांनी १६५७ मध्ये, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांनी, समकालीन गणितज्ञांपुढे ठेवला.

लेखन आणि वाचन

भारतीय पद्धतीने स्वल्पविराम देऊन ही संख्या १,७६,६३,१९,०४९ अशी लिहितात. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एकम् पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या यादीत दहावे स्थान अब्ज हे आहे. प्रस्तुत संख्येचा डावीकडील पहिला अंक त्याच स्थानावर येतो. तिची जोडीदार संख्या २२,६१,५३,९८० ही बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी अशी वाचतात. तिच्या वाचनात 'एकसष्ट' हा शब्द येतो, हा मात्र केवळ योगायोग आहे.

द्विमान पद्धतीत ही संख्या लिहिण्यास ३१ स्थाने लागतात. तिचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१ हा एकोणीस अंकी आहे. दहा किंवा बारा अंक दाखवणाऱ्या साध्या गणकयंत्रावर हा वर्ग पूर्ण दिसत नाही.

अंकगणिती गुणधर्म

* मूळ अवयव : १७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७. चारही अवयव वेगवेगळे असल्याने १ खेरीज कोणत्याही वर्गसंख्येने या संख्येस पूर्ण भाग जात नाही.
* विभाजक : १ आणि स्वतः ती संख्या धरून एकूण १६ विभाजक आहेत. त्यांची बेरीज १९६१९३६६४० होते. स्वतःस वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज १९५६१७५९१ इतकी, म्हणजे संख्येपेक्षा कमी भरते. म्हणून ती न्यून संख्या आहे.
* सहमूळ संख्या : १ पासून १७६६३१९०४९ पर्यंतच्या संख्यांपैकी १५७६६०९३६० संख्या तिच्याशी सहमूळ आहेत.
* शेष : तिच्या अंकांची बेरीज ४६ आहे; त्यामुळे तिला ९ ने भागल्यास १ उरतो. ८ ने भागल्यासही १ च उरतो.
* तिच्या चारही मूळ अवयवांना १२ ने भागल्यास ११ उरतात.
* या चारही अवयवांना ४ ने भागल्यास ३ उरतात आणि प्रत्येक अवयव एकदाच येतो. त्यामुळे ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. तीन वर्गांची बेरीज म्हणून मात्र ती सहज लिहिता येते : २९७१८² + २९७१८² + १².

शेवटच्या गुणधर्मात आलेली २९७१८ ही संख्या पुढे भास्कराचार्यांच्या उकलीतही भेटते.

शेजारच्या संख्या

या संख्येचे वैशिष्ट्य तिच्या दोन्ही बाजूंच्या संख्यांवरून अधिक स्पष्ट होते.

१७६६३१९०४८ = २ × २९७१८²
१७६६३१९०५० = २ × ६१ × ३८०५²

म्हणजे एकाने लहान असलेली संख्या ही एका वर्गाची दुप्पट आहे आणि एकाने मोठी असलेली संख्या ही दुसऱ्या एका वर्गाची १२२ पट आहे. कोणत्याही संख्येच्या वर्गातून १ वजा केला असता तिच्या दोन्ही शेजाऱ्यांचा गुणाकार मिळतो, हे शालेय बीजगणितातील सूत्र येथे उपयोगी पडते. वरील दोन संख्यांचा गुणाकार केला की ६१ × (२ × २९७१८ × ३८०५)² हे रूप मिळते आणि कंसातील गुणाकार नेमका २२६१५३९८० इतका येतो. एकोणीस अंकी वर्ग प्रत्यक्ष न काढताही उत्तराचा ताळा अशा रीतीने पाहता येतो. त्यासाठी फक्त दोन वर्ग काढावे लागतात :

२९७१८² = ८८३१५९५२४
६१ × ३८०५² = ८८३१५९५२५

या दोन संख्यांमध्ये १ चा फरक आहे आणि त्यांची बेरीज म्हणजेच १७६६३१९०४९ होय.

वर्गप्रकृती

एखादी पूर्ण संख्या दिली असता, तिने कोणत्या वर्गाला गुणून १ मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल, या स्वरूपाच्या प्रश्नाला भारतीय गणितात 'वर्गप्रकृती' म्हणतात. दिलेली गुणक संख्या ही 'प्रकृती', लहान मूळ हे 'कनिष्ठ', मोठे मूळ हे 'ज्येष्ठ' आणि मिळवावयाची संख्या हा 'क्षेप' होय. कनिष्ठासाठी क आणि ज्येष्ठासाठी ज ही अक्षरे घेतल्यास ६१ प्रकृतीचा प्रश्न असा लिहिता येतो :

६१क² + १ = ज²

क = ०, ज = १ हे उत्तर उघड असल्याने ते सोडून देतात. प्रकृती स्वतः पूर्ण वर्ग नसेल, तर अशा समीकरणाला नेहमीच पूर्णांकी उत्तर असते, नव्हे अगणित उत्तरे असतात. खरा प्रश्न त्यांपैकी सर्वांत लहान उत्तर शोधण्याचा आहे.

प्रकृती ६१ ची विशेषता

प्रकृती आणि लघुतम उत्तराचा आकार यांचा संबंध अत्यंत अनियमित असतो. पुढील उदाहरणांवरून त्याची कल्पना येते.

* प्रकृती ५३ : कनिष्ठ ९१००, ज्येष्ठ ६६२४९
* प्रकृती ६० : कनिष्ठ ४, ज्येष्ठ ३१
* प्रकृती ६१ : कनिष्ठ २२६१५३९८०, ज्येष्ठ १७६६३१९०४९
* प्रकृती ६२ : कनिष्ठ ८, ज्येष्ठ ६३
* प्रकृती ६३ : कनिष्ठ १, ज्येष्ठ ८
* प्रकृती ६७ : कनिष्ठ ५९६७, ज्येष्ठ ४८८४२

६० आणि ६२ यांची उत्तरे तोंडी काढता येतात. मधल्या ६१ चे उत्तर मात्र कोटी आणि अब्जांच्या घरात जाते. १०० पेक्षा लहान असलेल्या सर्व प्रकृतींमध्ये ६१ चेच उत्तर सर्वांत मोठे आहे. त्याहून मोठे उत्तर पहिल्यांदा १०९ या प्रकृतीस येते. तेथे ज्येष्ठ १५८०७०६७१९८६२४९ हा पंधरा अंकी आहे.

याचे एक कारण सांगता येते. ६१ ही मूळ संख्या असून तिला ४ ने भागल्यास १ उरतो. अशा प्रत्येक मूळ संख्येसाठी +१ ऐवजी −१ क्षेप घेऊनही उत्तर मिळते, आणि +१ क्षेपाचे लघुतम उत्तर हे −१ क्षेपाच्या लघुतम उत्तरापासून, जणू त्याचा वर्ग करून, तयार होते. ६१ च्या बाबतीत −१ क्षेपाचे लघुतम उत्तर कनिष्ठ ३८०५ आणि ज्येष्ठ २९७१८ असे आहे. पाच अंकी ज्येष्ठापासून दहा अंकी ज्येष्ठ तयार होतो तो या वर्गामुळे. मात्र केवळ प्रकृती पाहून लघुतम उत्तर किती मोठे असेल हे नेमके सांगणारे सोपे सूत्र ज्ञात नाही.

१, २, ३ अशा क्रमाने एकेक कनिष्ठ घेऊन पाहणे हा मार्ग येथे कुचकामी ठरतो. दर मिनिटास एक संख्या तपासत रात्रंदिवस काम चालवले, तरी २२६१५३९८० पर्यंत पोहोचण्यास सुमारे ४३० वर्षे लागतील. इ.स. ११५० मध्ये आरंभ केला असता तर उत्तर १५८० च्या सुमारास हाती आले असते. भास्कराचार्यांची उकल मात्र एका पानात मावते.

भास्कराचार्यांची उकल

'बीजगणित' ग्रंथातील चक्रवाल प्रकरणात भास्कराचार्यांनी ६७ आणि ६१ या दोन प्रकृतींचे प्रश्न, मित्राला विचारावेत त्या थाटात, एकत्र मांडले आहेत. ६१ ची उकल पुढीलप्रमाणे होते.

पहिली पायरी : सोयीचा आरंभ

६१ च्या जवळचा वर्ग ६४ आहे. म्हणून कनिष्ठ १ आणि ज्येष्ठ ८ घेतल्यास ८² = ६१ × १² + ३. येथे क्षेप १ ऐवजी ३ आला.

दुसरी पायरी : चक्रवाल

आता अशी संख्या (म) शोधावयाची की, कनिष्ठ × म + ज्येष्ठ यास क्षेपाने पूर्ण भाग जावा आणि म² व ६१ यांतील अंतर शक्य तितके कमी असावे. पहिली अट कुट्टक पद्धतीने सोडवतात. येथे म + ८ यास ३ ने भाग जावयास हवा; म्हणून म = १, ४, ७, १०… यांपैकी ७ निवडतात, कारण ४९ हा वर्ग ६१ पासून १२ नेच दूर आहे. त्यावरून :

* नवा कनिष्ठ = (१ × ७ + ८) ÷ ३ = ५
* नवा ज्येष्ठ = (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९
* नवा क्षेप = (४९ − ६१) ÷ ३ = −४

ताळा : ३९² = १५२१ आणि ६१ × ५² = १५२५; फरक −४.

तिसरी पायरी : क्षेप −४ वरून −१

क्षेप ४ हा २ चा वर्ग असल्याने दोन्ही मुळांना २ ने भागता येते. कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२ आणि क्षेप −१ असे त्रिकूट मिळते. मुळे अपूर्णांकी आहेत, परंतु पुढील पायऱ्यांत ती पूर्णांकी होतात.

चौथी पायरी : भावना

दोन त्रिकूटांवरून तिसरे त्रिकूट तयार करण्याच्या रीतीस 'भावना' म्हणतात. एकाचा कनिष्ठ आणि दुसऱ्याचा ज्येष्ठ यांचे तिरकस गुणाकार करून त्यांची बेरीज घेतली की नवा कनिष्ठ मिळतो. या तिरकस गुणाकाराला 'वज्राभ्यास' असे नाव आहे. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार आणि दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट यांची बेरीज हा नवा ज्येष्ठ होय. क्षेपांचा गुणाकार होतो. त्याप्रमाणे :

* (५/२, ३९/२, −१) या त्रिकुटाची स्वतःशीच भावना केली असता (१९५/२, १५२३/२, १) मिळते.
* याची पुन्हा (५/२, ३९/२, −१) शी भावना केली असता (३८०५, २९७१८, −१) मिळते. येथे मुळे पूर्णांकी झाली.
* याची स्वतःशी भावना केली असता कनिष्ठ २ × ३८०५ × २९७१८ = २२६१५३९८० आणि ज्येष्ठ २९७१८² + ६१ × ३८०५² = १७६६३१९०४९ मिळून क्षेप १ होतो.

या मांडणीत चक्रवालाचे एकच आवर्तन आणि भावनेचे तीन प्रयोग आहेत. भावनेचा आधार न घेता केवळ चक्रवाल चालवत नेल्यास हेच उत्तर चौदाव्या आवर्तनात येते. आधुनिक वितत अपूर्णांकांच्या रीतीने, म्हणजे ६१ चे वर्गमूळ भागाकारांच्या साखळीत मांडून, त्यासाठी बावीस टप्पे लागतात.

अवयवांत उमटलेली पद्धत

उकलीच्या मधल्या पायरीत आलेली १५२३ ही संख्या अंतिम उत्तराचा मूळ अवयव आहे, आणि हा योगायोग नाही. (१९५/२, १५२३/२, १) या त्रिकुटाचा भावनेने 'घन' केला, म्हणजे ते तीनदा घेऊन एकत्र केले, तरीही तेच अंतिम उत्तर मिळते. क्षेप १ असलेल्या त्रिकुटाचा असा घन करताना नवा ज्येष्ठ हा जुन्या ज्येष्ठाच्या घनाच्या चौपटीतून त्याची तिप्पट वजा करून येतो. ज्येष्ठ १५२३/२ घेतल्यास :

१७६६३१९०४९ = (१५२३³ − ३ × १५२३) ÷ २

उजवीकडील दोन्ही पदांत १५२३ असल्याने उत्तराला १५२३ ने पूर्ण भाग जातो. भागाकार ११५९७६३ येतो आणि त्याचे अवयव ११ × ५९ × १७८७ असे आहेत. शिवाय १५२३ = ३९² + २ असल्याने, चक्रवालाच्या पहिल्याच आवर्तनात मिळालेल्या ३९ पासून दोन सूत्रांत या दहा अंकी संख्येपर्यंत पोहोचता येते.

कनिष्ठाचे अवयव २२६१५३९८० = २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१ असे आहेत. त्यांपैकी ५ आणि ७६१ हे ३८०५ मधून येतात. उरलेले अवयव २९७१८ (= २ × ३² × १३ × १२७) आणि सूत्रातील २ यांमधून येतात.

६१ चे वर्गमूळ आणि परार्ध

ज्येष्ठाला कनिष्ठाने भागल्यास प्रकृतीच्या वर्गमूळाची जवळची किंमत मिळते. नारायण पंडितांनी 'गणितकौमुदी' (१३५६) मध्ये वर्गप्रकृतीच्या उकलींचा असा उपयोग वर्गमूळ काढण्यासाठी केला आहे.

१७६६३१९०४९ ÷ २२६१५३९८० हा भागाकार ६१ च्या वर्गमूळाशी (७.८१०२४९६७५९०६६५४३९…) दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत जुळतो आणि अठराव्या स्थळी प्रथम वेगळा होतो. दोन्हींतील फरक जवळजवळ १ ÷ ७९८९२०१६५७६२३३००४० इतका आहे. हा छेद आठ परार्धांहून किंचित कमी आहे. परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्ये. 'लीलावती'तील स्थाननामांची यादी जेथे संपते, जवळपास त्याच परार्धाच्या घरात या उत्तराची अचूकता जाते.

पुढील उत्तरे

लघुतम उत्तराची स्वतःशी भावना करत गेल्यास पुढची उत्तरे मिळतात. दुसऱ्या उत्तराचा कनिष्ठ ७९८९२०१६५७६२३३००४० आणि ज्येष्ठ ६२३९७६५९६५७२०५२८८०१ आहे. वरील परिच्छेदातील छेद म्हणजे हा कनिष्ठच होय. लघुतम उत्तरापासून अशी सर्व उत्तरे क्रमाने निर्माण होतात; एकही सुटत नाही. म्हणूनच लघुतम उत्तराला महत्त्व आहे.

इतिहास

भारतीय परंपरा

वर्गप्रकृतीचा पद्धतशीर विचार ब्रह्मगुप्तांच्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' (इ.स. ६२८) या ग्रंथात आढळतो. भावनेचा नियम त्यांचाच आहे. क्षेप ±१, ±२ किंवा ±४ यांपैकी असलेले एखादे त्रिकूट हाती असल्यास त्यावरून क्षेप १ चे पूर्णांकी उत्तर कसे काढावे, हे त्यांनी दाखवले. ९२ प्रकृतीचे कनिष्ठ १२० व ज्येष्ठ ११५१ हे उत्तर त्यांच्या ग्रंथातील प्रसिद्ध उदाहरण आहे. मात्र तसे सोयीचे त्रिकूट प्रत्येक वेळी कसे मिळवावे, हा प्रश्न शिल्लक होता. चक्रवाल पद्धतीने तो सोडवला.

चक्रवालाचे जनकत्व अनेकदा भास्कराचार्यांना दिले जाते. ते अचूक नाही. जयदेव नावाच्या गणितज्ञाची या विषयावरील सूत्रे उदयदिवाकरांच्या 'सुंदरी' या इ.स. १०७३ मधील टीकेत उद्धृत केलेली आहेत. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ती प्रकाशात आणली. स्वतः भास्कराचार्यांनीही 'चक्रवाल' हे नाव आधीच्या आचार्यांचे म्हणून दिले आहे. पद्धतीची नेटकी मांडणी आणि ६१ सारख्या कठीण प्रकृतीवर तिचा यशस्वी प्रयोग हे त्यांचे कार्य होय.

युरोपातील पुनर्शोध

फर्मा यांनी १६५७ मध्ये हा प्रश्न इंग्लंडमधील आणि इतर गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून मांडला. फ्रेनिकल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी नमुन्यादाखल ६१ आणि १०९ याच प्रकृती सुचवल्या. फर्मा यांना भास्कराचार्यांच्या ग्रंथाची माहिती होती, असे दर्शवणारा पुरावा नाही. ६१ ही संख्या दोघांनीही निवडली ती तिच्या अंगच्या अवघडपणामुळे. विल्यम ब्राउंकर यांनी उत्तर काढण्याची रीत शोधली आणि जॉन वॉलिस यांनी ती १६५८ मध्ये प्रसिद्ध केली.

पुढे लेओनार्ड ऑयलर यांनी या समीकरणाचा संबंध जॉन पेल यांच्याशी जोडला आणि 'पेलचे समीकरण' हे नाव रूढ झाले. पेल यांचा या उकलीत उल्लेखनीय वाटा नसल्याचे आता सर्वमान्य आहे. प्रकृती पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर असतेच, याची सिद्धता जोसेफ-लुई लाग्रांज यांनी १७६८ च्या सुमारास दिली. 'बीजगणित' ग्रंथ युरोपीय वाचकांना त्यानंतर, एडवर्ड स्ट्रॅची यांच्या फारसीवरून केलेल्या (१८१३) आणि हेन्री कोलब्रुक यांच्या संस्कृतवरून केलेल्या (१८१७) इंग्रजी भाषांतरांतून परिचित झाला. जर्मन इतिहासकार हेर्मान हांकेल यांनी १८७४ मध्ये चक्रवाल पद्धतीची गणना लाग्रांजपूर्व संख्याशास्त्रातील सर्वोत्तम कामगिरीत केली.

आधुनिक अभ्यास

उत्तर काढून दाखवणे आणि पद्धत प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत नेईलच याची सिद्धता देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. भास्कराचार्यांच्या ग्रंथात अशी सिद्धता नाही. चक्रवाल पद्धत नेहमी क्षेप १ पर्यंत पोहोचतेच, हे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० च्या सुमारास सिद्ध केले. क्लास-ओलोफ सेलेनियस यांनी १९७५ मध्ये, या पद्धतीतील 'अंतर कमीत कमी ठेवा' या अटीमुळे अनावश्यक टप्पे कसे गळतात, याचे विवेचन केले. ६१ साठी बावीस ऐवजी चौदा आवर्तने पुरतात, याचे कारण या अटीत आहे.

महाराष्ट्रात श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणितसंशोधन संस्था स्थापन केली. शंकर केशव अभ्यंकर यांनी इंग्रजी भाषांतरासह सिद्ध केलेली 'बीजगणित' ग्रंथाची आवृत्ती या प्रतिष्ठानाने प्रकाशित केली आहे.

विज्जडवीड आणि बीड

भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात स्वतःविषयी थोडी माहिती दिली आहे. त्यानुसार ते शांडिल्य गोत्री होते, त्यांच्या वडिलांचे व गुरूंचे नाव महेश्वर होते आणि त्यांचे वास्तव्य सह्याद्रीच्या आश्रयाने असलेल्या विज्जडवीड या विद्वानांच्या नगरात होते. काही हस्तलिखितांत हे नाव विज्जलवीड असेही आढळते. हे नगर नेमके कोणते, याविषयी एकमत नाही.

* बीड : 'वीड' आणि 'बीड' यांतील साम्य हा या मताचा मुख्य आधार आहे. सह्याद्रीचा फाटा मानली जाणारी बालाघाटाची रांग बीड जिल्ह्यातून जाते आणि गोदावरी ही जिल्ह्याची उत्तर सीमा आहे. टीकाकार मुनीश्वर यांनी हे नगर गोदावरीच्या परिसरात सांगितले आहे, हेही या मतास अनुकूल आहे. मात्र सह्याद्रीची मुख्य रांग बीड शहरापासून बरीच पश्चिमेस आहे आणि स्थानिक परंपरेत बीडचे जुने नाव चंपावतीनगर असे सांगितले जाते.
* पाटण : जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे नातू आणि यादव राजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. लेखाचा शेवटचा भाग तत्कालीन मराठीत आहे. या लेखामुळे विज्जडवीड पाटणच्या आसपास असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र लेखातून सिद्ध होतो तो मठाचा संबंध, जन्मगाव नव्हे.
* बीदर आणि विजापूर : अकबराच्या दरबारातील फैजी यांनी 'लीलावती'च्या फारसी भाषांतरात (१५८७) बीदरचा उल्लेख केला आहे. नामसाम्यावरून विजापूरचेही नाव घेतले जाते. ही दोन्ही ठिकाणे आज कर्नाटकात आहेत.

उपलब्ध पुराव्यांवरून बीडची ओळख शक्यतेच्या पातळीवरच राहते. ती निश्चित मानता येत नाही. चांगदेव ज्याच्या दरबारी होते त्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे शिलालेख बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे आहेत. त्यामुळे तेराव्या शतकात पाटण आणि बीडचा परिसर हे दोन्ही एकाच यादव राज्याचे भाग होते, एवढे खात्रीने म्हणता येते. भास्कराचार्यांच्या गावाविषयी मतभेद असले, तरी त्यांच्या उकलीबाबत मतभेदास जागा नाही. ८८३१५९५२४ आणि ८८३१५९५२५ या दोन संख्यांची बेरीज कोणीही करून पाहू शकतो.

हेही पाहा

* वर्गप्रकृती
* चक्रवाल पद्धत
* ब्रह्मगुप्त
* भास्कराचार्य (दुसरे)
* लीलावती (ग्रंथ)
* कुट्टक
* परार्ध
* पाटणचा शिलालेख
* बीड जिल्हा